घडणावळ न मागणारे सोने : कॅनडाच्या १९६७ च्या शतकमहोत्सवी नाणेसंचाचे परीक्षण

कॅनडाच्या संघराज्याला १९६७ साली शंभर वर्षे पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने ओटावाच्या सरकारी टाकसाळीने, म्हणजे रॉयल कॅनेडियन मिंटने, सात नाण्यांचा एक संच काळ्या डब्यात घालून ४० डॉलरला विक्रीस काढला. एक सेंटपासून एक डॉलरपर्यंतची सहा नाणी आणि त्यांच्या जोडीला २० डॉलरचे सोन्याचे नाणे, असा हा संच आहे. असे सुमारे ३ लाख ३७ हजार संच विकले गेले, त्यामुळे जवळजवळ साठ वर्षांनंतरही कॅनडातील नाणेविक्रेत्यांकडे, लिलावांत आणि घरगुती सामानाच्या विक्रीत तो नियमितपणे दिसतो. मी ओंटारियो प्रांतात, टोरांटोजवळच्या मिसिसागात राहतो आणि बरीच वर्षे कॅनडाची जुनी नाणी व नोटा जमवतो आहे. या छंदाकडे नव्याने वळलेले मराठी मित्र पहिली खरेदी कोणती करावी असे विचारतात, तेव्हा मी याच संचाचे नाव घेतो. हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांच्या कपाटात असा एखादा डबा किंमत न कळल्यामुळे तसाच पडून आहे, त्यांच्यासाठीही.

संचाची किंमत समजून घ्यायची तर सराफाच्या दुकानातला हिशेब डोळ्यांसमोर आणावा. आपण दागिना घेतो तेव्हा सोन्याच्या भावावर घडणावळ देतो आणि तोच दागिना पुढे मोडीत घालतो तेव्हा ती घडणावळ परत मिळत नाही. या संचातील सातही नाण्यांचे दर्शनी मूल्य एकत्र केले तर ते २१ डॉलर ९१ सेंट भरते. तो विकला गेला ४० डॉलरला, म्हणजे पहिल्या खरेदीदाराने १८ डॉलर ९ सेंट घडणावळ म्हणून मोजले. त्या काळी सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ अमेरिकन डॉलर होता आणि कॅनडाचा डॉलर ९२.५ अमेरिकन सेंटला बांधलेला होता. त्या हिशेबाने सोन्याच्या नाण्यातील धातूची किंमत जवळजवळ नेमकी २० कॅनडियन डॉलर येते. नाण्यावर लिहिलेला आकडा आणि नाण्यातील सोने यांचा इतका चोख मेळ नंतरच्या काळात क्वचितच पाहायला मिळतो. पुढे सोन्याचा भाव बांधलेला राहिला नाही, तो कितीतरी पटींनी वाढला, पण संचाची संग्रहमूल्य म्हणून असलेली किंमत त्या वेगाने वाढली नाही. परिणामी आज हा संच बहुतेक ठिकाणी धातूच्या भावानेच विकला जातो. ज्या घडणावळीसाठी १९६७ च्या ग्राहकाने जवळजवळ निम्मी किंमत मोजली, ती आजच्या ग्राहकाला नाममात्र पैशात मिळते. माझ्या मते या संचाची खरी खुबी हीच आहे, कारण ही घडणावळ सामान्य नाही.

सहा नाण्यांवरील चित्रे ॲलेक्स कॉल्व्हिल या चित्रकाराची आहेत. त्यांचा जन्म १९२० साली टोरांटोत झाला, बालपण नोव्हा स्कोशियात गेले, दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडाच्या लष्कराचे अधिकृत युद्धचित्रकार होते. शताब्दीच्या नाण्यांसाठी राजचिन्हे, जहाजे किंवा इमारती न घेता त्यांनी साधे प्राणी निवडले : एक सेंटवर पंख पसरलेले कबूतर, पाच सेंटवर झेपावणारा ससा, दहा सेंटवर बांगड्याच्या जातीचा मॅकरेल मासा, पंचवीस सेंटवर दबकत चालणारे रानमांजर, पन्नास सेंटवर मान वर करून हुंकारणारा लांडगा आणि डॉलरवर उडणारा कॅनडा हंस. प्रत्येक प्राण्यामागे त्यांचा विचार होता. कबूतर शांततेचे, ससा नव्या जीवाचे, मासा सातत्याचे, रानमांजर स्वतंत्र बुद्धीचे आणि निर्णायक कृतीचे, तर लांडगा या देशाच्या अफाट विस्ताराचे आणि त्यातल्या एकटेपणाचे प्रतीक आहे.

पन्नास सेंटच्या नाण्यावरील लांडगा मी दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली कितीतरी वेळा पाहिला आहे. त्याच्याभोवती झाड नाही, डोंगर नाही, चंद्र नाही; नाण्याचा उरलेला सगळा भाग सपाट आणि मोकळा ठेवला आहे. मानेवरची आयाळ भिंगातून केसागणिक वेगळी दिसते, पण नाणे हातभर अंतरावर धरले की केस दिसेनासे होतात आणि आकाशाकडे वळलेले तोंड तेवढे उरते. सुमारे ३० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर रिकाम्या जागेचा इतका धीट उपयोग करणारे दुसरे नाणे माझ्या संग्रहात नाही. ओंटारियोच्या उत्तरेला हिवाळ्यात गाडीने गेलेल्या माणसाला ती रिकामी जागा लगेच ओळखू येते. सहाही नाण्यांवर १८६७ आणि १९६७ ही दोन्ही वर्षे आहेत. दर्शनी बाजूला अर्नोल्ड मेचिन यांनी घडवलेली, १९६५ पासून वापरात आलेली राणी एलिझाबेथ यांची मुकुटधारी छबी आहे. ती नेटकी आहे, परंतु हा संच घ्यायचा तो मागच्या बाजूसाठी.

सोन्याच्या नाण्याबाबत मात्र माझे मत इतके उत्साही नाही. त्याच्या मागच्या बाजूस कॅनडाचे राजचिन्ह आहे. ते काळजीपूर्वक कोरलेले असले, तरी कॉल्व्हिल यांच्या प्राण्यांशेजारी ते सरकारी कागदावरच्या शिक्क्यासारखे वाटते, आणि एकाच डब्यात दोन वेगळ्या मनोवृत्ती शेजारी बसवल्यासारखे होते. ऐतिहासिक दृष्ट्या ते महत्त्वाचे आहे, कारण कॅनडाने आपल्या डॉलरच्या मूल्याची सोन्याची नाणी याआधी केवळ १९१२ ते १९१४ या काळात, पाच आणि दहा डॉलरची म्हणून पाडली होती. त्यानंतर डॉलरमधले सोन्याचे नाणे आले ते थेट हेच. त्याचे वजन १८.२७ ग्रॅम आणि व्यास सुमारे २७ मिलिमीटर आहे. धातूत ९० टक्के सोने असल्याने शुद्ध सोने १६.४४ ग्रॅम, म्हणजे औंसाच्या मापात ०.५२८७ भरते. आपल्याकडच्या २२ कॅरेटच्या, म्हणजे ९१.६ टक्क्यांच्या दागिन्यापेक्षा त्याचा कस किंचित कमी आहे. मोडीचा भाव काढायचा तर त्या दिवशीच्या औंसाच्या दराला ०.५२८७ ने गुणावे. समजा दर ४,००० डॉलर असेल तर नाण्यात २,११५ डॉलरचे सोने आहे. ऐंशी टक्के चांदीच्या डॉलर आणि पन्नास सेंट या दोन नाण्यांत मिळून सुमारे २८ ग्रॅम शुद्ध चांदी असते, तिची किंमत वेगळी धरावी.

हा संच मी दोनदा विकत घेतला आहे आणि पहिल्या वेळी चुकलो. इंटरनेटवरील एका विक्रेत्याने तो "अत्यंत दुर्मीळ, अस्पर्शित" असे लिहून लावला होता आणि छायाचित्रांत डॉलर आरशासारखा चमकत होता. धातूच्या भावावर मी बरीच जास्त रक्कम दिली. डबा घरी आल्यावर टेबलावरच्या दिव्याखाली डॉलर तिरपा करून फिरवला, तेव्हा हंसाच्या पंखावरून आणि भोवतालच्या सपाट जागेवरून एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेषा दिसू लागल्या. कुणीतरी ते नाणे भांडी घासण्याच्या पावडरीने किंवा दात घासण्याच्या पेस्टने चोळून उजळले होते. टाकसाळीच्या दाबाने आलेली मूळ झळाळी नाणे फिरवले की पृष्ठभागावरून सरकत जाते. घासलेल्या नाण्याची चमक मात्र जागच्या जागी राहते आणि डोळ्याला टोचते. हा फरक एकदा पाहिला की पुन्हा विसरता येत नाही, आणि छायाचित्रात तो दिसतच नाही. देव्हाऱ्यातली चांदीची भांडी सणासुदीला घासून लख्ख करण्याची आपल्याला सवय असते. तीच सवय जुन्या नाण्याच्या बाबतीत घातक ठरते, कारण संग्राहकाच्या दृष्टीने घासलेले नाणे मोडीच्या भावावर येते. विक्रेत्याने परत घेण्यास नकार दिला. सोने खरे होते म्हणून नुकसान मर्यादित राहिले, पण मी जी घडणावळ समजून पैसे दिले होते, ती त्या डब्यात उरलेलीच नव्हती.

सोने खरे आहे याची खात्री मी घरीच करून घेतली होती आणि ती पद्धत सांगण्यासारखी आहे. प्रथम लोहचुंबक जवळ न्यावे : सोन्याचे आणि चांदीचे नाणे ओढले जाता कामा नये, आणि याउलट पाच सेंटचा ससा चुंबकाला चिकटलाच पाहिजे, कारण ते नाणे निकेलचे आहे. नंतर ग्रॅमचा शतांश दाखवणाऱ्या काट्यावर वजन करावे आणि कॅलिपरने व्यास मोजावा. शेवटची परीक्षा पाण्याची. काट्यावर पाण्याचा लहान पेला ठेवून काटा शून्यावर आणावा, सोन्याचे नाणे बारीक दोऱ्यात अडकवून तळाला किंवा कडेला न टेकता पूर्ण बुडवावे. काट्यावर जो आकडा उमटतो, ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन असते. या नाण्यासाठी तो आकडा १.०५ ते १.०६ ग्रॅम यायला हवा. शिशावर मुलामा दिलेले तितक्याच वजनाचे नाणे १.६ ग्रॅमच्या आसपास दाखवील आणि तांब्याचे असेल तर दोन ग्रॅमच्याही वर जाईल. नाणे बाहेर काढल्यावर पुसायचे नाही, मऊ कापडावर ठेवून टिपायचे. चांदीच्या नाण्यांना मात्र पाणी लावू नये.

दुसरा संच मी गेल्या हिवाळ्यात टोरांटोतल्या एका जुन्या नाणेविक्रेत्याकडून, समोर बसून, प्रत्येक नाणे दिव्याखाली पाहून घेतला. त्याने आपणहून मला डॉलरवरचा निळसर पट्टा दाखवला, सेंटच्या कबुतरावरचा तपकिरी ठिपका दाखवला, आणि त्या दिवशीचा सोन्या-चांदीचा भाव संगणकावर उघडून माझ्यासमोरच हिशेब मांडला. धातूच्या किमतीवर त्याने चार टक्के लावले. दुकानातून घेताना एका गोष्टीची मात्र मला आधी कल्पना नव्हती : कॅनडात किमान ९९.५ टक्के शुद्ध सोन्याच्या नाण्यांना विक्रीकरातून सूट आहे, आणि हे नाणे ९० टक्क्यांचे असल्याने ती सूट त्याला मिळत नाही. ओंटारियोत त्यामुळे १३ टक्के कर द्यावा लागतो. हा कर पुढे विकताना वसूल होत नाही, म्हणून केवळ सोने साठवण्याच्या हेतूने कोणी हा संच दुकानातून घेत असेल तर तो व्यवहार तोट्याचा आहे. त्यासाठी शुद्ध सोन्याचे मेपल लीफ नाणे अधिक योग्य. खासगी व्यक्तीकडून घेतल्यास कर लागत नाही, परंतु मग परीक्षेची सगळी जबाबदारी आपल्यावर येते. मी कर भरून दुकानातून घेतला आणि त्याचा मला खेद नाही, कारण त्या पैशात दिव्याखालचा तो अर्धा तास मिळाला.

आता संचाचा सर्वांत मोठा दोष, आणि तो नाण्यांत नसून डब्यात आहे. डबा दिसायला रुबाबदार आहे आणि भेट देण्यासाठी शोभतो. पण आतल्या अस्तरावर प्रत्येक नाणे आपापल्या खाचेत उघडेच बसते. हवा रोखणारे काहीही नसते, आणि अनेक दशके डबा मिटून ठेवल्यावर अस्तर, गोंद आणि कोंडलेला दमटपणा यांचा चांदीवर परिणाम होतो. प्रथम काठावर पिवळसर छटा येते, मग ती तांबूस, जांभळी आणि निळी होत मध्याकडे सरकते, आणि शेवटी काळा थर बसतो. सेंटच्या ब्राँझवर तर ठिपके पडतात. काही संचांत ही छटा इंद्रधनुष्यासारखी देखणी उतरते आणि अशा नाण्यांना चाहते आहेत, पण बहुतेक वेळा जे दिसते त्याला मळ याखेरीज दुसरे नाव नाही. तळघरात ठेवलेले डबे विशेष खराब निघतात. मी संच आणल्याच दिवशी सहा नाणी सुती हातमोजे घालून, केवळ काठाला धरून, स्वच्छ आणि मऊपणा आणणारी रसायने नसलेल्या कडक प्लॅस्टिकच्या गोल कुप्यांत ठेवली. स्वस्त, मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळाव्यात, कारण त्या कालांतराने हिरवट चिकट थर सोडतात. रिकामा डबा मी वेगळा जपला आहे, कारण पुढे संच विकताना मूळ डबा असला तर ग्राहक अधिक विश्वासाने घेतो.

या संचाची जाहिरात करताना "दुर्मीळ" हा शब्द सर्रास वापरला जातो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. "जुने ते सोने" ही म्हण नाण्यांना लागू होत नाही. नाण्याचे मोल वय ठरवत नाही, तर किती नाणी शिल्लक आहेत, ती कोणत्या अवस्थेत आहेत आणि किती लोकांना ती हवी आहेत, या गोष्टी ठरवतात. तीन लाखांहून अधिक विकला गेलेला आणि मिळाल्या दिवसापासून जपून ठेवलेला संच दुर्मीळ कसा असेल? खऱ्या दुर्मीळतेचे उदाहरण द्यायचे तर ते १९४८ च्या कॅनडियन डॉलरचे देता येईल, आणि त्याची गोष्ट आपल्याशी जोडलेली आहे. सहाव्या जॉर्जच्या काळातील कॅनडाच्या नाण्यांवर राजाच्या नावापुढे लॅटिनमध्ये "रेक्स एट इंड. इंप.", म्हणजे "राजा आणि हिंदुस्थानचा सम्राट" असे कोरलेले असे. १५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला आणि ती पदवी नाण्यांवरून काढणे भाग पडले. नवे ठसे लंडनहून यायचे होते आणि त्यांना उशीर झाला. दरम्यान नाण्यांची टंचाई होऊ नये म्हणून ओटावाच्या टाकसाळीने १९४८ मध्येही १९४७ चेच ठसे वापरले, फक्त वर्षाच्या आकड्यानंतर मेपलचे इवलेसे पान कोरले. नवे ठसे आले तेव्हा वर्षाचा बराच काळ सरला होता, त्यामुळे १९४८ हे वर्ष असलेले चांदीचे डॉलर केवळ १८,७८० पडले. चांगल्या अवस्थेतील अशा एका डॉलरला आज चार आकडी किंमत येते. मी १९४७ चे पान असलेले आणि १९४८ चे, अशी एक सेंटची दोन नाणी शेजारी ठेवली आहेत. एकावर आपला देश कोणाच्या तरी पदवीत अडकलेला आहे आणि दुसऱ्यावर ती जागा मोकळी झाली आहे. स्वातंत्र्याचा इतका छोटा आणि इतका ठोस पुरावा तळहातावर घेता येतो, हे मला या छंदातले सर्वांत मोठे देणे वाटते.

याच शताब्दीच्या निमित्ताने निघालेल्या इतर वस्तूंशी तुलना करणेही उपयोगी ठरेल. लाल डब्यातील दुसरा संच १२ डॉलरला होता; त्यात सोन्याच्या नाण्याऐवजी चांदीचे पदक होते आणि तो सुमारे ७२ हजारच निघाला. म्हणजे संख्येने तो काळ्या डब्यापेक्षा खूपच कमी आहे, तरीही सोने नसल्याने कितीतरी स्वस्त मिळतो. ज्यांना कॉल्व्हिल यांचे प्राणीच हवे आहेत आणि सोन्यात पैसे गुंतवायचे नाहीत, त्यांनी खरे तर तोच घ्यावा. प्लॅस्टिकच्या पट्टीत बंद केलेली सहा नाण्यांची स्वस्त पाकिटेही मिळतात, आणि त्यांतली नाणी पुष्कळदा डब्यातल्यांपेक्षा स्वच्छ राहिलेली असतात. सुट्या नाण्यांत एक सावधगिरी बाळगावी : १९६७ च्या मध्यावर दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांतील चांदी ८० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणण्यात आली आणि दोन्ही प्रकार दिसायला सारखेच आहेत, म्हणून विक्रेता मोडीत घेताना कमी प्रमाण धरूनच भाव देतो. "सूर मारणारा हंस" या नावाने विकला जाणारा डॉलर म्हणजे दोन ठशांची जुळणी चुकल्यामुळे हंस खाली झेपावल्यासारखा दिसणारे नाणे. ते घेताना राणीचे डोके सरळ वर धरून नाणे उभ्या अक्षावर फिरवावे. हंस स्पष्टपणे, साधारण ४५ अंशांनी, खाली वळलेला दिसला तरच जास्त पैसे द्यावेत.

नोटांबद्दल थोडक्यात. १९६७ ची शताब्दीची एक डॉलरची हिरवी नोट अनेक घरांत पुस्तकांच्या पानांत दाबून ठेवलेली सापडते. तिच्या मागे १९१६ च्या आगीत जळालेल्या जुन्या संसद भवनाचे चित्र आहे, आणि काही नोटांवर अनुक्रमांकाच्या जागी "१८६७ १९६७" असे छापलेले आहे. अनुक्रमांकच नसल्यामुळे ही नोट फार मोलाची असावी असा समज होतो. प्रत्यक्षात ती लोकांनी आठवण म्हणून मोठ्या प्रमाणात जपून ठेवली, म्हणून करकरीत अवस्थेतही तिला दर्शनी मूल्याहून थोडेच अधिक मिळते. अनुक्रमांकाच्या आधी तारकेची खूण असलेली, म्हणजे खराब छपाईच्या जागी बदली म्हणून घातलेली नोट मात्र वेगळी काढून ठेवावी. एक डॉलरच्या नोटांचा कायदेशीर चलन हा दर्जा १ जानेवारी २०२१ पासून काढून घेतला गेला आहे, परंतु बँक ऑफ कॅनडा त्या दर्शनी मूल्याला अजूनही बदलून देते. त्यामुळे घाबरून कोणाला स्वस्तात देऊन टाकण्याचे कारण नाही.

माझ्या इमारतीत एक मराठी काका राहतात. कॅनडाने १ ऑक्टोबर १९६७ पासून स्थलांतरितांची निवड गुणांवर करण्याची पद्धत सुरू केली, तिच्या आधारे ते दोन वर्षांनी मुंबईहून इथे आले. माझा संच पाहायला आले तेव्हा त्यांनी खिशातून रुमालाची छोटी घडी काढली. तिच्यात रानमांजराचे एक पंचवीस सेंट होते, झिजून गुळगुळीत झालेले, प्राण्याच्या पाठीवरचे केस पार पुसले गेलेले.

"काका, विकायचंय का?" मी विचारले.

"विकायला नाही दाखवत तुम्हाला. पहिल्या पगाराच्या सुट्या पैशांतलं आहे. खरी चांदी आहे का, एवढंच सांगा."

मी वजन केले. झिजेमुळे मूळच्या ५.८३ ग्रॅमपेक्षा ते किंचित कमी भरले. चांदी खरी आहे, पण ती ८० टक्के की ५० टक्के हे नुसत्या वजनावरून सांगता येणार नाही, असे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले. म्हणजे तीन ते साडेचार ग्रॅमच्या दरम्यान चांदी. अवस्थेच्या दृष्टीने ते अगदी खालच्या प्रतीचे आहे आणि कोणताही विक्रेता त्याला धातूचाच भाव देईल. काकांनी मान डोलावली, माझ्या कुपीतले नवेकोरे रानमांजर भिंगातून बराच वेळ पाहिले, आणि "याच्या अंगावर एवढे केस होते होय!" असे म्हणून आपले नाणे पुन्हा रुमालात बांधले.

खरेदीचा विचार करणाऱ्यांना शेवटी काही ठोस गोष्टी सांगतो. काळ्या डब्याच्या संचासाठी त्या दिवशीच्या धातूच्या किमतीवर पाच टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नये. अपवाद फक्त सहाही नाणी डागविरहित आणि मूळ झळाळीची असतील तेव्हाचा, आणि तसा संच मी आजवर दोनदाच पाहिला आहे. या नाण्यांना टोरांटोच्या आयसीसीएससारख्या, नाण्यांची पारख करणाऱ्या संस्थेकडून प्रतवारी करून घेणे सामान्यतः परवडत नाही, कारण प्रतीच्या फरकाने वाढणारी किंमत शुल्कातच जाते. भारतात कोणाला भेट म्हणून न्यायचा असेल तर लक्षात ठेवावे की प्रवाशाला दागिन्यांवर मिळणारी सीमाशुल्काची सवलत सोन्याच्या नाण्याला लागू होत नाही. पावती जवळ ठेवून ते जाहीर करावे लागते. आणि विकताना आधी किमान दोन ठिकाणी भाव विचारावा, तोही सोन्याचे नाणे आणि उरलेली सहा नाणी असा वेगवेगळा, कारण काही विक्रेते सोन्याचा भाव नीट देतात आणि उरलेली सहा नाणी दर्शनी मूल्याने, म्हणजे १ डॉलर ९१ सेंटला, त्यातच धरतात. माझ्या पहिल्या, घासलेल्या संचाच्या वेळी एका दुकानात नेमके हेच झाले. मी सोने तिथे विकले आणि लांडगा, हंस व त्यांचे चार सोबती परत घेऊन घरी आलो.